गालिचा मावेल तेवढं घर

अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस वाचायला मनाई केली. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडजवळच्या एका गावात त्यांनी चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. आई गेल्यापासून ते तिकडे एकटेच असतात. ऑपरेशनसाठी म्हणून मी त्यांना ऐरोलीला आमच्याकडे आणलं होतं. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण हा माणूस पेपर वाचायला बसला की अगदी तळाला बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्तासुद्धा सोडत नाही. आता काळा चष्मा लावून, हात मांडीवर ठेवून नुसतं बसायची वेळ आली होती.

त्याच आठवड्यात घरमालकांचा फोन आला. मुलाचं लग्न ठरलंय, घर आम्हाला लागेल, चार महिन्यांत दुसरीकडे बघा. सात वर्षांतलं हे आमचं तिसरं भाड्याचं घर. नवरा म्हणाला, "आता भाड्याचं नकोच. घेऊनच टाकू." तो इथल्याच एका आयटी पार्कात नोकरीला आहे आणि मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. कर्ज किती मिळेल ते त्याने बँकेत विचारून ठेवलं. घर शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी ड्युटी दुपारी दोनला संपते.

जेवण झालं की मी मोबाईलवर जाहिराती बघत बसायचे. दोन दिवस अण्णांनी ते सहन केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? मोठ्यांदा वाच की. मला तरी दुसरं काय काम हाय?"

मी खारघरची एक जाहिरात वाचली. "प्रशस्त टू बीएचके, सहाशे ऐंशी स्क्वेअर फूट, सेमी फर्निश्ड, हिल व्ह्यू, स्टेशनपासून पाच मिनिटं, सीसी रिसीव्ह्ड."

"बीएचके म्हंजे?"

"बेडरूम, हॉल, किचन."

"मग न्हाणीघर, संडास?"

"ते धरलेलंच असतं अण्णा."

"कुणी धरलंय?"

मी हसले, पण पुढच्याच शब्दाला अडकले. सेमी फर्निश्ड म्हणजे अर्धं फर्निचर, असं मी ठोकून दिलं. अण्णांनी विचारलं, "अर्धं म्हंजे कंचं? पलंग हाय आन् गादी न्हाय, असं?" मला माहीत नव्हतं. सीसी म्हणजे काय, तेही माहीत नव्हतं. सहाशे ऐंशी फूट कुठून कुठवर मोजलेत, याचा तर मी कधी विचारच केला नव्हता.

खरं सांगायचं तर मला जरा लाज वाटली. लॅबमध्ये रोज कुणीतरी रिपोर्ट घेऊन खिडकीशी येतं. घाबरलेलं असतं. मॅडम, हे काय लिहिलंय, चांगलं की वाईट? मी त्यांना एकेक ओळ समजावून सांगते, आणि मनातल्या मनात म्हणते, माणसं न कळता कशा काय सह्या करतात, कशी काय रक्त देतात. आणि इथे मी आयुष्यभराची कमाई ज्या पाच ओळींवर लावायला निघाले होते, त्यातले तीन शब्द मला सांगता येत नव्हते.

त्या दिवसापासून लॅबमधली एक जुनी डायरी घेऊन बसायला लागले. अण्णांनी अडवलेला प्रत्येक शब्द त्यात लिहायचा आणि कुणाला तरी विचारून त्यापुढे अर्थ मांडायचा. ब्रोकरला विचार, बँकेतल्या मुलीला विचार, लॅबमधल्या सहकाऱ्यांना विचार. गंमत म्हणजे प्रत्येक जण वेगळं सांगायचा, आणि सगळे ठामपणे. सीसीचंच बघा. एकजण म्हणाला, सीसी म्हणजे काम पूर्ण झाल्याचा दाखला. दुसरी म्हणाली, छे, सीसी म्हणजे काम सुरू करायची परवानगी. शोध घेतला तर दोन्ही खरं निघालं. इंग्रजीत दोन्हींची आद्याक्षरं एकच, आणि जाहिरातीत बहुतेक वेळा असते ती सुरुवातीची. अण्णा कितीतरी वेळ मान हलवत राहिले. "मुहूर्ताला बी तेच आन् वास्तुशांतीला बी तेच! लिवणाऱ्याची कमाल हाय."

खारघरचं ते घर बघायला आम्ही तिघं शनिवारी गेलो. अण्णांना घरी राहा म्हटलं, तर म्हणाले, "वाचायला मनाई हाय, चालायला न्हाय." निघताना त्यांनी बॅगेतून स्वतःचा माप घ्यायचा टेप काढून शर्टाच्या खिशात टाकला.

आम्हाला घर दाखवणारी ब्रोकर बाई मोठी बोलकी होती. पूर्वी मुलांच्या शिकवण्या घ्यायची, नंतर या धंद्यात आली. स्टेशनवर आम्हाला घ्यायला आली आणि म्हणाली, "चला, रिक्षा करू."

"पाच मिनिटांवर आहे ना?" मी विचारलं.

"हो मॅडम, रिक्षाने पाच."

घर सातव्या मजल्यावर होतं. हिल व्ह्यू खरा होता. बेडरूमच्या खिडकीतून मान तिरकी केली की समोरच्या दोन टॉवरांच्या मधून डोंगराची हिरवी पट्टी दिसायची. सेमी फर्निश्डचा अर्थही कळला. दोन पंखे, चार ट्यूबलाइट आणि ओट्याखाली भांड्यांची ट्रॉली. नवऱ्याला घर आवडलं होतं. तो ब्रोकर बाईंशी बोलत असताना अण्णा मात्र हॉलच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि टेपने जमीन मोजू लागले. शिंप्याचा टेप पाच फुटांचा. पाच फूट झाले की खडूने रेघ, पुन्हा पाच फूट. काळ्या चष्म्यातून आकडे दिसत नव्हते, म्हणून टेपचं टोक ते धरायचे आणि मी आकडा वाचायचे.

"काका, काय करताय?" ब्रोकर बाई कावरीबावरी झाली.

"माप घेतोय," अण्णा म्हणाले. "माप घेतल्याबिगर मी आजपातुर कापड कापलं न्हाय."

सगळ्या खोल्या, स्वयंपाकघर, दोन्ही बाथरूम मिळून बेरीज साडेचारशेच्या आसपास आली. नवऱ्याने मोबाईलवर पुन्हा केली. तेवढीच.

"सहाशे ऐंशी लिहिलंय ना?" तो म्हणाला.

ब्रोकर बाई म्हणाली, "सर, ते सुपर बिल्ट-अप आहे. त्यात भिंती आल्या, बाल्कनी आली, लिफ्ट, जिना, खालची लॉबी, सगळ्याचा तुमचा वाटा आला. कार्पेट वेगळं असतं. नवीन बिल्डिंगला आता कार्पेटच सांगावं लागतं, पण रिसेलवाले जुनाच आकडा टाकतात. मी काय करू, मालकच असं लिहा म्हणतात."

"कार्पेट म्हंजे गालिचा न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"हो काका."

"मंग बरोबर हाय. गालिचा मावंल तेवढंच घर. जिन्यावर कोण झोपतंय?"

ब्रोकर बाई एकदम मोकळं हसली. खाली उतरताना मला हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही पहिल्या आहात ज्यांनी टेप आणला." त्यानंतर ती आमच्याशी सरळ बोलायला लागली. फोन केला की आधीच सांगायची, "मॅडम, लिहिलंय साडेसहाशे, पण गालिचा चारशे तीसचा हां."

आठवडे जात होते. डायरीची बारा-तेरा पानं भरली. मला आता त्या शब्दांचीच गोडी लागली होती. घर राहिलं बाजूला, जाहिरात दिसली की आधी मी त्यातले शब्द चाचपून बघायचे. आणि मग आम्हाला ते घर सापडलं.

घणसोलीच्या जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. खोल्या मोठ्या, उजेड भरपूर, आमच्या बजेटपेक्षा स्वस्त, नवऱ्याच्या ऑफिसपासून जवळ. जाहिरातीत होतं, "साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, क्लिअर टायटल, गार्डन फेसिंग." हे घर ब्रोकर बाईकडून आलं नव्हतं. मालकाने स्वतःच जाहिरात टाकली होती. अण्णांनी माप घेतलं. जाहिरातीतला आकडा आणि टेपचा आकडा जवळजवळ जुळला! मालक तिशीतला, नीट बोलणारा माणूस. म्हणाला, रविवारी टोकन द्या, दुसऱ्यांना नाही दाखवत.

शुक्रवारी लॅबमधून सुटल्यावर मी एकटीच परत गेले. खास कारण नव्हतं. खिडक्यांवर दुपारचं ऊन कसं येतं ते बघायचं होतं. बिल्डिंगच्या दारात एक म्हातारी पाटावर बसून कोलंबी सोलत होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हात भराभर चाललेले. तिने मला आधी पाहिलं असावं.

"तूच ना ती, वरचा घर बघाय आलेली? म्हाताऱ्यानी टेप लावलेला?"

"हो, मीच. तुम्ही इथल्याच का आजी?"

"मी ना कुठची? घर तं आमचाच हाय. विकतो तो माझा पुतन्या." तिने पाट सरकवून पायरीवर जागा केली. "बस. मोबाईलवर काय लिवलाय त्यानी, मना वाचून दाखव बरा."

मी पायरीवर बसले आणि जाहिरात वाचली. गार्डन फेसिंगपाशी तिने हात थांबवला.

"गार्डन? कुठं हाय गार्डन?"

आम्ही दोघींनी समोर बघितलं. एक आंब्याचं झाड, त्याच्या पारावर झोपलेला कुत्रा आणि दोन स्कूटर.

"आंब्याला गार्डन बोलतो मेला," म्हणत ती पदर तोंडाला लावून हसली. मग म्हणाली, "पुढं वाच."

मी साडेबारा टक्के वाचलं. तिचं हसू गेलं. कोलंबीचा हात तिने पाण्यात बुडवून धुतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे वळून बसली.

"आईक बाय. साडेबारा टक्क्याचा प्लॉट आमाला भेटला होता, तो तिकरं सेक्टरान. शेती घेतली सरकारनी, तिच्या बदली थोरी जमीन परत दिली, तिला साडेबारा टक्के बोलतान. तो प्लॉट कवाच इकला. हा घर तं गावठानातला हाय. सासऱ्यांचा कौलारू होता, पोरांची लग्ना झाली तसा एकेक मजला चढवला. कोन परमिशन काढतो? ओशी-बिशी काय नाय याला. तुमी कर्ज कारताव का?"

"हो आजी."

"मंग बँक नाय बोलंल. आन् बोलली तरी उद्या नोटीस आली तं? दुसऱ्या मजल्यावं घर इकत घेतलेली एक बाय रायतं. गेल्या साली नोटीस लागली दाराला, तवा मांज्याकरं येऊन ररली. बोलली, आजी, आमाला कुनी सांगितला नाय. मना दोन दिस जेवन गेला नाय."

मी विचारलं, "पण आजी, पुतण्याचं नुकसान नाही का होणार?"

"व्हईल. तो भांडंल पन माझ्याशी." तिने पुन्हा एक कोलंबी उचलली. "आमची शेती घेतली ना, तवा कागद आनला साहेबांनी. इंग्लिश का मराठी, मना आजून ठाव नाय. सासऱ्यांनी अंगठा दिला. कुनी वाचून नाय दाखवला. आपल्याला कुनी नाय दाखवला, मून आपन पन नाय दाखवाचा, असा थोरी असतं?"

ऊन कसं येतं ते बघायला मी वर गेलेच नाही. तिने मला वाटीभर सोललेली कोलंबी दिली, नको नको म्हणताना.

घरी आल्यावर नवरा चिडला. म्हातारीवर नाही, माझ्यावरही नाही, बहुतेक इतके दिवस फुकट गेले याच्यावर. "गावात हजारो लोक राहतात तसेच. त्यांचं काय होतंय?" त्याचंही चुकीचं नव्हतं. ती माणसं कुठे जाणार होती? शेत गेलं, मिठागर गेलं, वाढत्या कुटुंबाला वर चढण्यावाचून जागा उरली नाही. जाहिरातीत एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवला की ही सगळी गोष्ट पुसली जाते, हे मला त्या पायरीवर बसून कळलं होतं, पण नवऱ्याला नीट सांगता येईना. शेवटी अण्णांनी विचारलं, "ओसी म्हंजे काय ते तरी सांग."

"इमारत राहायला योग्य आहे असा महापालिकेचा दाखला. मराठीत भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात."

"भोगवटा?" अण्णा ताठ बसले. "अगं मग तसं म्हण की! सातबाऱ्यावर भोगवटादार असतोय की. हे मला ठाव हाय. भोगवट्यालाच नाव न्हाय, तर ती जमीन दुसऱ्याची. जावईबापू, नको."

जावईबापूंनी शनिवारी बँकेत जाऊन खात्री करून घेतली. बँकेतल्या मुलीने कागद बघून दोन मिनिटांत नकारार्थी मान हलवली. रविवारी त्याने स्वतःच मालकाला फोन करून नाही सांगितलं. पुतण्याने म्हातारीला काय ऐकवलं असेल कोण जाणे. पुढे एकदा त्या बाजूला गेले तेव्हा ती दारात नव्हती. आत तिचा आवाज येत होता, कुणालातरी जोरात रागावत होती, त्यामुळे मला बरं वाटलं.

ब्रोकर बाईने शेवटी कोपरखैरण्याला घर दाखवलं. जुनी तीनमजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसरा मजला, वन बीएचके. गालिचा तीनशे ऐंशीचा. मालक निवृत्त जोडपं, मुलीकडे पुण्याला चाललेलं. ओसी भिंतीवर फ्रेम करून लावलेली, आम्हाला वाटलं कुणाची पदवी आहे. जाहिरातीत "लेक व्ह्यू" होतं, पण आता अशा शब्दांनी मी हुरळत नव्हते. खिडकीतून लांबवर झाडी आणि पाण्याची एक चकाकी दिसली, इतकंच.

एकच शब्द राहिला होता, लीजहोल्ड. ब्रोकर बाईने समजावलं की या शहरातली बहुतेक जमीन सरकारी महामंडळाने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. घर आपल्या नावावर, खालची जमीन पट्ट्याने.

अण्णांना हे मुळीच पटेना. "म्हंजे सदरा आपला आन् अंग भाड्याचं?"

"काका, अख्खी नवी मुंबई अशीच आहे. टेन्शन नका घेऊ. पट्टा वाढवून मिळतो."

"किती वर्सं राहिली?"

ती कागद बघून म्हणाली, "सव्वीस."

अण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "माझं भागलं. तुमचं तुम्ही बघा." आणि घर त्यांना आवडलंय हे त्यांच्या आवाजावरून आम्हाला कळलं. वाढीव पट्ट्याचे नियम मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून, महामंडळाच्या ऑफिसात दोन खेपा घालून विचारून आले. मगच आम्ही हो म्हटलं.

कराराचा मसुदा आला तोवर अण्णा गावी परतले होते. पहिल्याच फोनला त्यांनी विचारलं, "चतुःसीमा वाचलीस का?"

"ती कुठे असते?"

"कुठं म्हंजे? जमिनीच्या कागदाला चारी बाजू सांगितल्याबिगर कागद हुतो का?"

असते खरी. शेवटच्या पानावर, इंग्रजीत, जिथवर बहुतेक माणसं पोचतच नाहीत. मी त्यांना मराठी करत वाचून दाखवली. उत्तरेस बाजूचा प्लॉट, पूर्वेस अकरा मीटर रुंद रस्ता, दक्षिणेस खुली जागा, पश्चिमेस होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी थोपवायचा तलाव.

"जाऊन बघून ये," अण्णा म्हणाले. "कागदावरची दिशा आन् खरी दिशा एक हाय का ते."

रजिस्ट्रेशन, सामान, शाळेच्या बसमधल्या वाटेइतका अरुंद जिना आणि त्यात अडकलेलं कपाट, या सगळ्यात ते राहून गेलं. राहायला आल्यावर दुसऱ्या आठवड्यात, एका संध्याकाळी मी खाली उतरले आणि बिल्डिंगला वळसा घातला. उत्तरेचा प्लॉट होता. रस्ता होता. खुल्या जागेत पोरं क्रिकेट खेळत होती. पश्चिमेला कुंपणाची जाळी होती आणि तिच्यापलीकडे पाणी, खारफुटीची दाट झाडी, कडेला गाळात उभे दोन बगळे. जाळीला टेकून एक कोळीण मासळीची पाटी घेऊन बसली होती. तिच्याकडून मी बोंबील घेतले आणि सहज विचारलं, "मावशी, हा तलाव केव्हाचा?"

तिने पाण्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तलाव कशाचा? बिल्डिंगवाले लेक बोलतात, मुन्शिपाल्टीवाले पॉन बोलतात. भरतीला बग येऊन, पानी कसा चढतो तो. खाडी हाय ती."

"भरती केव्हा असते?"

"आज चौथ," ती म्हणाली. "तीन वाजता व्हती. उद्या तासभर मागं. ये उद्या चारला."

दुसऱ्या दिवशी ड्युटी दोनलाच सुटली. पावणेचारला मी जाळीपाशी जाऊन उभी राहिले.